पिवळ्या टोप्यांची मोजणी

किल्ला दाखवून राजधानीकडे परतणाऱ्या सहलीच्या बसचा ड्रायव्हर डोळे रस्त्यावर ठेवून होता, पण त्याचे कान त्याच्या लगेच पाठीमागच्या सीटवरच्या सासू-सुनेकडे लागले होते.

"अगं, हे झोपलेत ना मागे?"

"हो आई, तोंडावर टोपी घेऊन मस्त घोरताहेत."

"घोरताहेत? तुझे सासरे जन्मात घोरले नाहीत. घोरते ती मी, असं गावभर सांगतात."

"गाईडने डोकी मोजलीत, आई. बरोबर भरली."

"डोकी कसली, मेल्याने आपल्याला सहलीत वाटलेल्या पिवळ्या टोप्या मोजल्या! जा, टोपी उचलून बघ."

सून गेली आणि धडपडत परतली.

"आई, हे भलतेच आजोबा आहेत! ऊन लागत होतं म्हणून बाबांनी त्यांना टोपी दिली, आणि गाईडने दटावून बसमध्ये बसवलं."

"आणि आमचे हे कुठे आहेत?"

"वर बुरुजावर. दम लागला म्हणून टेकले होते म्हणे."

"अगं, दम्याचा पंप माझ्या पर्समध्ये आहे! फोन लाव, फोन!"

"लावलाय, आई. तुमच्याच पर्समध्ये वाजतोय."

सासूबाई एकदम गप्प झाल्या. ड्रायव्हरने कोणालाही न विचारता बस वळवली.

"मावशी, बोलत राहा हो. तुम्ही गप्प बसलात की मलाच धडकी भरते."