चुलीच्या कोपऱ्यात बॅटरी

नाही, तिथे नको. त्या कोपऱ्यात मापाची टेप लावू नकोस, सांगितलं ना — उचल आधी. जागा चांगली आहे, हो, मला का माहीत नाही? माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून चांगलीच आहे — ओल नाही, भिंत पक्की — पण तुझी ती वीज साठवायची बॅटरी तिथे बसणार नाही. बाहेर शेडमध्ये लाव. काय? थंडीत तिचा जोर जातो? अरे वा! थंडीत जोर जाणारी वस्तू घेऊन तू कॅनडाच्या या टोकाला, केप ब्रेटनला आलास, तेही नोव्हेंबरात! बस. कोट काढू नकोस, घरात गारठा आहे. चहा घे. ती ओटची बिस्किटं दगड झालीत, बुडवून खा. मार्सेलानं पाठवलं ना तुला? लेक माझी, पण हॅलिफॅक्सला बसून उंटावरून शेळ्या हाकते. तिचं म्हणणं तुला ठाऊकच असेल — एक तर आई बॅटरी बसव, नाहीतर बर्फ पडायच्या आत घराला कुलूप लाव आणि माझ्या फ्लॅटवर चल. गेले होते मी त्या फ्लॅटवर. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. म्हणून तुला घरात घेतलं, नाहीतर सोलरवाला दारात दिसला की मी कडी लावते. खरंच लावते, हसू नकोस.

छपरावरचे पॅनल पाहिलेस येताना? माझ्या नवऱ्यानं बसवले, लॉकीनं. आता मी खोटं बोलणार नाही — उन्हाळ्यात चालतात ते. जुलैत आम्हीच तारेवर वीज पाठवतो, कंपनी ती जमा धरते आणि हिवाळ्यात परत देते. बिल उतरलं, ते खरंय. पण डिसेंबरात? सूर्य त्या टेकडीमागून डोकावतो, आम्हाला बघतो, आणि त्यालाच थंडी वाजते की काय, परत जातो! वर हातभर बर्फ. त्याचंही काही नाही रे, हिशेब वर्षाचा असतो, कळतं मला. पण जो विकायला आला होता ना — तू नव्हेस, तुझ्या जातीचाच दुसरा, टोकदार बूट, चिखलात पाय ठेवायला घाबरत होता — तो म्हणाला, आजोबा, सोलर आलंय, आता या वयात लाकडं कशाला फोडता? ही चूल काढा, धूर, काजळी, राख — आणि भिंतीवर हा पांढरा डबा लावा, विजेवर गरम हवा फेकतो. लॉकीनं विचारलं हो त्याला, सरळ विचारलं, की वादळात लाइट गेले तर? तर तो काय म्हणाला असेल? "सूर्याची कधी लाइन जाते का, आजोबा?" आणि हसला. माझंच बिस्किट खात हसला.

तुला काय कळणार चूल म्हणजे काय. इथे निम्मा गाव मॅकनील, त्यातही लॉकी मॅकनील पैशाला पासरी — मग ओळखायचं कसं? हाकेला दुसरं नाव जोडतात. रॉडीचा बाप टपाल वाटायचा, तर रॉडी म्हातारा झाला तरी रॉडी टपाल. ते नाव बायकोला लागतं, पोरांना लागतं, माणूस मेला की पेपरातल्या बातमीतसुद्धा छापतात. आम्ही चूलवाले. लॉकी चूल, त्याचा बाप चूल, मी मरडीना चूल — मार्सेला शाळेत मार्सेला चूल म्हणतात म्हणून रडायची. का, तर वादळात लाइट गेले की अख्खा रस्ता आमच्याकडे. दार वाजवायचं नाही, आपली किटली घ्यायची आणि यायचं. ती बिडाची चूल त्या कोपऱ्यात, वर पाच-सहा किटल्या, आणि यांचे ओले बूट! माझ्या पुसलेल्या जमिनीवर! शेजारच्या फ्लोराची पोरं, रॉडीचा कुत्रा — कुत्रासुद्धा! — वीट यायचा मला. आता बघ जमीन, आरसा आहे. एक ठिपका नाही. कोणी येतच नाही तर ठिपका कुठून येणार. बरंच झालं म्हणते मी.

चूल लॉकीनं रॉडीला देऊन टाकली, फुकट. आणि त्याच हिवाळ्यात गारठलेला पाऊस पडला, पडता पडता गोठला, झाडं मोडली, तारा जमिनीवर. दुसऱ्या दिवशी कसं ऊन म्हणतोस! आभाळ निळंशार, सगळं चमचमतंय, पॅनलवर ऊन नुसतं सांडतंय — आणि घरात अंधार. दिवा नाही, तो पांढरा डबा मेलेला. का ते तुला ठाऊक आहे. लाइन गेली की पॅनल आपणहून बंद होतात, नाहीतर खांबावर चढलेला माणूस आपल्याच विजेनं मरायचा. बरोबर आहे, मरू नये त्यानं. पण हे आधी सांगायला त्या टोकदार बुटाच्या तोंडात काय माझं बिस्किट अडकलं होतं?

आणि लोक आले. येणारच! सवय. दार ढकललं, किटल्या घेऊन आत आले, आणि उभे राहिले. तो कोपरा बघत. कुणी हसलं असतं, शिवी दिली असती तर चाललं असतं. फ्लोरा म्हणाली, "आम्ही आपलं सहज, बरे आहात ना बघायला." किटली पाठीमागे लपवून! मग सगळे रॉडीकडे गेले, आमच्या चुलीकडे. रॉडी म्हणाला, चला तुम्हीही. लॉकी म्हणाला, माझ्या छपरावर वीज आहे. मग झाडू घेतला आणि शिडी लावली. त्याला वाटत होतं बर्फ झाडला की चालेल. मी खालून ओरडतेय, अरे बर्फाचं नाही ते, लाइनचं आहे — ऐकेल तर मॅकनील कसला.

शिडी घसरली, कंबर मोडली. मग दवाखाना, मग छातीत पाणी, आणि वसंतात गेला. पेपरात काय छापलं ठाऊक आहे? लॉकी मॅकनील, कंसात "ऊन". लॉकी ऊन! पिढ्यान् पिढ्या जपलेलं नाव गेलं, आणि गावानं हे चिकटवलं. प्रेमानंच, म्हणे. थुंकते मी असल्या प्रेमावर. आणि आता तू आलायस बॅटरी घेऊन, वरातीमागून घोडं, आणि बसवायची कुठे तर — ते चार काळे डाग दिसतात ना जमिनीवर? चुलीचे पाय. घासून जात नाहीत. नाही, घासलेच नाहीत मी. गप्प बस.

ए! कपांना हात लावू नकोस! तिथेच राहू दे, भिंतीतल्या आकड्यावर. माझे नाहीत ते. तो कान तुटलेला रॉडीचा, फुलांचा फ्लोराचा, निळा लॉकीचा. ज्याचा त्याचा कप ज्याच्या त्याच्या आकड्यावर, इथलीच रीत. न्यायला कोणी आलं नाही. धूळ? धूळ कशी असेल, दर शनिवारी धुते की — म्हणजे, हात मोकळे असले तर. रॉडीकडे कागदी कपातून पितात म्हणे. शी! रॉडी म्हणतो, चूल परत आणून देतो. दिलेली वस्तू परत घेणारी मी नाही.

बरं, मला एक सांग. तुझी बॅटरी असली आणि लाइट गेले तर किती किटल्या चालतील? सरळ सांग, तुझ्या माहितीपत्रकाची पानं उलटू नकोस. फ्रिज. दोन दिवे. डबा थोडा वेळ. आणि किटली — जपून? एक किटली, जपून! म्हणजे सगळा रस्ता काळोखात आणि मी एकटी उजेडात बसून माझ्यापुरता एक कप चहा, जपून! वर ते मार्सेलाला पटतं. आणि तो दिवा बघून रॉडीला काय वाटेल? नाही, तुला माहीत नाही. लाइट गेले की तो आधी आमच्या फाटकाशी येतो. दर वेळी. "मरडीना, चल," म्हणतो, मी पडद्याआडून "नको" म्हणते, मग तो जातो. आता खिडकीत उजेड दिसला तर — कशाला थांबेल तो? चांगली आहे म्हातारी, म्हणेल, आणि पुढे जाईल. नाही, सही-बिही काही नाही, मिटव ते. मला तुझी —

गेले. गेले बघ लाइट. वारा सकाळपासून सांगतच होता. हलू नकोस, कप पाडशील. खिडकीतून बघ — त्या टॉर्च रस्त्यावरच्या. मागे राहिलेली फ्लोरा, पाय ओढते हल्ली. चालले सगळे. आणि हे फाटक वाजलं, ऐकलंस? थोडा वेळ उभा राहील. मग — अरे, कुठे उठलास? दार उघडू नकोस! मी सांगते त्याला इथूनच — उघडलंस? उघडलंस तू?

काय बघतोस, रॉडी? भूत नाही तो, बॅटरीवाला आहे. उभा काय, आत ये, वारा शिरतोय. बूट? राहू दे बूट. घालूनच ये, म्हणतेय ना. अंधारात वरचे आकडे माझ्या हाताला लागत नाहीत, कप उतरव, तुझ्याकडे न्यायचेत. सगळे. कागदात चहा देतोस लोकांना, लाज वाटत नाही तुला? तो निळा नको — निळा मी घेते. किटलीही मीच धरते. आणि तू, पोरा? तू अजून इथेच? टेप उचल तुझी, आणि जाताना दार नीट ओढून घे. जा.