रिठदच्या गाडीची तक्रार

मालेगावच्या स्टँडवर रिठद गाडीचा ड्रायव्हर धनराज चहा पीत बसला होता. रोजच्या उशिराबद्दल त्याची तक्रार होणार, हे त्याच्या कानावर आलं होतं. तेवढ्यात डाळमिलमधल्या गोमतीबाई आणि मंजू जेवणाच्या सुट्टीत आल्या आणि त्याच्याकडे लक्ष न जाता त्याच्या मागच्या बाकावर टेकल्या.

“मंजू, या हप्त्यात पैसे जास्त काहून आले वं?”

“मावशी, नऊ तासांच्या वर डबल. सरकारचा नियम हाय. तासाले पन्नासाचे शंभर.”

“पन आपन जास्तीचं काम कवा केलं?”

“सांजची रिठदची गाडी मिलपाशी येईपर्यंत दाळ निवडत बसतो नाई का? थे समदे तास मॅनेजर कार्डावर चढवते.”

“म्हंजे गाडी दोन तास लेट आली तं...”

“दोनशे रुपये.”

“अन् टायमावर आली तं?”

“भोपळा.”

“अवं, मंग तुह्या पिशवीतल्या तक्रारीचं काय? माहा आंगठा हाय तिच्यावर!”

“फाडू काय?”

“फाडतं कायले? कागद चांगला हाय. मागच्या बाजूनं लिव, ड्रायव्हर लय गुणाचा हाय, त्याले बदलू नका.”

त्या संध्याकाळी गाडी सुटायच्या वेळेला धनराज टपरीवर दुसरा चहा मागवत होता.

“अन् घाई करू नको,” तो म्हणाला, “चांगला उकळू दे.”