चष्मेवाला काय म्हणाला

लेक : म्हणजे तो चष्मेवाला असं काही म्हणालाच नाही?

आई : हळू. आणि आरशाकडे तोंड करू नकोस. दाढी करता करता त्यात आपले ओठ दिसतात त्यांना.

लेक : ओठांचं समजलं. पण हळू कोणासाठी? बाबांना तर ऐकू येत नाही.

आई : भिंतीपलीकडे शिंपीणबाई आहे. आपल्याच चर्चच्या मंडळीतली. तिला कळलं की रविवारी उपासनेच्या आधी पाळकांना कळलेलं असतं.

लेक : तिचं मशीन चालू आहे. तू सांग. काय म्हणाला होता तो?

आई : माझ्या दुकानासमोरून तुझा खोका हलव म्हणाला. गिऱ्हाईक आत यायला कचरतं म्हणाला. आणखीही म्हणाला, ते मी तुला सांगणार नाही.

लेक : आणि बाबांना तू काय सांगितलंस?

आई : घरी येताना यांनी विचारलं, तो चष्मेवाला एवढे हात हलवून काय बोलत होता. चेहरा असा खुलला होता यांचा. सगळा जन्म पंपघरात मोटारींच्या घरघरीत गेला, चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही, आणि त्या दिवशी चौकात खोक्यावर चढून पहिल्यांदा सुवार्ता सांगितली. मी म्हटलं, तो विचारत होता, उद्या पुन्हा येणार का.

लेक : तेवढंच?

आई : तेवढ्यावर भागतं होय? दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, आज तो लांबूनच का बघत होता, काही दुखलंखुपलं का त्याला. मग मला त्याची बायको आजारी पाडावी लागली.

लेक : आई.

आई : हसू नकोस. हे रोज तिच्यासाठी प्रार्थना करायला लागले. गुडघे टेकून, आणि शेजारी मी. डोळे मिटून आमेन म्हणायचे. ऐकणाऱ्याला तर माहीतच आहे की तिला काही झालेलं नाही.

लेक : मग बरी करून टाकायचीस तिला.

आई : केली ना. तिथेच तर अडकले. यांनी ते पाळकांना सांगितलं. पाळकांनी यांना सगळ्यांपुढे उभं करून साक्ष द्यायला लावली. तेव्हापासून प्रवचनाला दुसरा विषय नाही. देवाला चार भिंतींत कोंडू नका, धीट व्हा, रस्त्यावर या. शिंपीणबाईचा नवरा बसथांब्यावर उभा राहायला लागला. परवा कोणीतरी त्याच्या अंगावर पाणी ओतलं. तरी गेला पुन्हा. कोणाच्या जोरावर? माझ्या थापेच्या.

लेक : त्यांचे कान तपासले तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. जाड आवाज त्यांना येतात, ट्रक, मोटार. बारीक आवाज पंपघराने खाल्लेत. स, श, थ त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून जुळवून घेतात. गर्दीतलं एक वाक्यसुद्धा कळणं शक्य नाही. आणि जेवताना मात्र चौकातल्या सगळ्यांची बोलणी सांगायचे.

आई : ती माझी होती. कानातलं मशीन कधी येतंय?

लेक : कानाचा साचा पाठवलाय. पुढच्या आठवड्यात येईल. पण नोकरी सोडतो म्हणून ते साहेबांना उद्याच सांगणार आहेत. त्यांच्या जागी यायला माणूस तयार बसलाय. म्हणजे पुढच्या आठवड्यात नोकरी नसेल, दिवसभर चौकात उभे असतील, कानात नवं मशीन असेल, आणि त्यातून पहिलं वाक्य त्या चष्मेवाल्याचं ऐकू येईल.

आई : तू सांग ना. तू शिकलेली आहेस.

लेक : मी चौकात एकदाही आले नाही. मी सांगितलं तर म्हणतील, हिचा कशावर विश्वासच नाही. मग तुला विचारतील, खरं का, आणि तू मान खाली घालशील.

आई : घालेन.

लेक : मग?

आई : अगं, कुजबुजून सांगता आलं असतं तर कधीच सांगितलं असतं. यांना काही सांगायचं म्हणजे ओरडायचं. असलं कोणी ओरडून सांगतं का?

बाबा : (गाल पुसत वळतात) मघापासून आरशात दोघींच्या नुसत्या पाठी दिसतायत. माझ्याविरुद्ध काय कट चाललाय, डॉक्टरीणबाई?

लेक : डॉक्टर नाही हो मी. कान तपासते फक्त.

बाबा : तेच ते. आईला सांग आज चांगली साडी नेस म्हणावं. आज खोक्यावर हिला चढवणार आहे.

आई : मला?

बाबा : लोकांच्या नळाला एवढी वर्षं पाणी सोडलं, आता दुसऱ्या पाण्याचं काम. उद्या साहेबांना सांगून मोकळा होतो. पण एकट्याने होणार नाही ते. तू रोज मागे उभी राहतेस पदर आवळून, आणि लोक सगळं मनातलं तुलाच येऊन सांगतात. मग तूच बोल की त्यांच्याशी.

आई : मला नाही जमायचं. अहो, ऐका, तो माणूस...

बाबा : पुटपुटू नकोस. घाबरायचं काय त्यात? मनात आहे ते मोठ्याने बोलायचं, एवढंच तर आहे.

आई : चष्मेवाल्याने कधी काही विचारलं नाही.

बाबा : अं?

आई : (ओरडून) काही विचारलं नाही त्याने. मी बनवून सांगितलं. त्याची बायको, तिचं आजारपण, तिचं बरं होणं, सगळं. तो खोका हलव म्हणत होता.

लेक : आई, पलीकडचं मशीन थांबलंय.

आई : थांबू दे. आता मधेच गप्प बसले तर पुन्हा जमणार नाही मला. अहो, कळलं का मी काय म्हणाले?

बाबा : कळलं. कठड्यावर बसायची ती कॉलेजची मुलं?

आई : बसची वाट बघायची.

बाबा : हसायची.

आई : हसायचीच.

बाबा : तू म्हणाली होतीस, त्यांना आवडतं म्हणून हसतात.

आई : म्हणाले होते.

लेक : बाबा, बसा जरा.

बाबा : नको, उभाच बरा आहे. मग ती बाई बरी झाली नाही.

आई : ती आजारीच नव्हती. त्याला बायको आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

बाबा : मी साक्ष दिली. हात वर करून.

आई : रविवारी मी उभी राहीन. सगळ्यांना सांगेन, तुमचा काही दोष नाही म्हणून.

बाबा : दोघं उभे राहू. आणि शिंप्याला त्याआधी सांगायचं. पाणी त्याच्या अंगावर पडलंय.

लेक : आणि साहेबांना?

बाबा : कोणाला?

लेक : साहेबांना. उद्या.

बाबा : उद्या माझी पहिली पाळी आहे. पंप सुरू करायचे, आणखी काय. शर्ट कुठे टाकलास माझा?

आई : खुर्चीवर. इस्त्री केलाय.

लेक : निघालात कुठे?

बाबा : वेळ झाली.

लेक : कोणी ऐकत नाही हे कळल्यावरही?

बाबा : ऐकतात म्हणून थोडाच गेलो होतो पहिल्या दिवशी? सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून गेलो. गोडी नंतर लागली. ती हिने लावली.

लेक : त्या दुकानासमोरच?

बाबा : खोका पलीकडे ठेवतो. उशिरा का होईना, त्याचं म्हणणं पोचलं माझ्यापर्यंत. आणि तू गं, तू आज घरीच थांब. उद्याही थांब. सुटलीस तू.

आई : मागून सायकलची घंटी वाजली तर तुम्हाला कळणार आहे का?

बाबा : तोंड इकडे करून बोल.

आई : येते म्हटलं.