परग्रहावरची राणी

जालन्याच्या स्टँडवर घनसावंगीच्या बसची वाट बघत ज्योत्स्ना बसली होती. शेजारच्या दोघी गावातल्याच पोरांनी काढलेल्या सिनेमाचं बोलत होत्या. त्यातलं परग्रहावरून आलेल्या राणीचं काम आधी ज्योत्स्नाला आलं होतं. नाटकात बक्षिसं मिळवलेल्या तिनं ते हलकं म्हणून सोडलं, मग गावातल्याच शालूनं केलं.

"यान तर पत्र्याच्या पिंपाचंच होतं वो."

"दोरी बी दिसत होती. तरी मी दोनदा पाह्यला."

"दोनदा कशाला?"

"ती राणी चमकीच्या कपड्यात येती आन् माणसं गिळती, तव्हा लई बरं वाटतं. घरी आपल्याला एक शब्द बोलता येत न्हाई."

"माझी सासू तर शालूचा फोटो मागून राह्यली."

ज्योत्स्नाला राहवलं नाही. "ते काम आधी मला आल्तं," ती म्हणाली.

दोघींनी तिला नीट न्याहाळलं.

"बरं झालं न्हाई केलं, ताई. तुमचा चेहरा लई गरीब. तुम्हाला कोण भ्यालं असतं?"

बस लागली. खिडकीशी जागा मिळाल्यावर ज्योत्स्नानं काचेत बघून डोळे वटारले. पुन्हा एकदा, जरा जास्त वटारले.

"डोळ्यात काही गेलं का, ताई?" शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं.