मशीनचा खाडा

अन्याय झाला तो माझ्यावर, शोभावर, धायरीच्या पोळ्यावालीवर, आणि तो झाला यंदाच्या खंडेनवमीला, सकाळी साडेनऊ वाजता, सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर. पोरी, मी सांगते ते तू लिहून घेतीयस, तर हे असंच लिही, पहिल्याच ओळीत लिही, नाहीतर लोक म्हणतात बाईचं रडगाणं हाय आणि पान उलटतात.

माझं माहेर धायरी, सासर पण धायरीच. तेव्हा गाव होतं, आता सोसायट्या झाल्या, ज्या वावरात आम्ही भुईमूग उपटला तिथंच तिसऱ्या मजल्यावर मी आता पोळ्या लाटते. चार घरं हायत. काय सांगू तुम्हाला, कमरेला चट्टा उठला तेव्हा सासू म्हणाली परकराची नाडी काचते, जाऊ म्हणाली नाडीच, आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं तर पदर बाजूला करायला पण सांगितलं न्हाई, लांबूनच म्हणाला गजकर्ण आहे, मलम लावा. मी पण लाजेनं दाखवलं न्हाई. सात वर्षं मलम चोळलं. नाडी वर बांधली, खाली बांधली, चट्टा मांडीवर गेला, पाठीवर गेला. आता मांडीवर कुठली आली नाडी? पण ते कुणी विचारलं न्हाई, मी सुद्धा न्हाई.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पडदा ओढला आणि म्हणाल्या, मावशी, सगळं दाखवा. कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. मग मला खुर्चीवर बसवून सांगितलं, हा कातडीतला कॅन्सर आहे, लिम्फोमा म्हणतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कातडीत येऊन बिघडतात, दुसऱ्याला लागत नाही, हळू चालतो, आणि वरवर आहे तोवर प्रकाशानं दबतो. प्रकाशानं! मला वाटलं बाई थट्टा करतात.

पण खरं हाय ते. कपाटाएवढं मशीन, आत उभ्या नळ्या, कपडे काढून, काळा चष्मा लावून मधोमध उभं राहायचं. आधी काही सेकंद, मग मोजून मोजून वाढवायचं. आठवड्यातून तीनदा. चार महिन्यांत मांडीचे डाग गेले, खाज गेली. अट एकच, खाडा करायचा न्हाई, मोठा खाडा पडला की पुन्हा थोड्यापासून सुरुवात. मी घराघरांत सांगून टाकलं, सोम-बुध-शुक्र उशिरा येणार. एक काकू म्हणाल्या, म्हणजे आमचं जेवण आता तुमच्या उजेडावर अवलंबून! बोलल्या, पण थांबल्या.

गणपती उठले आणि मशीनच्या नळ्या गेल्या. हेलपाटे घातले, दर वेळी एकच, मागणी वर पाठवलीय. खंडेनवमीला गेले तर मशीनला झेंडूची माळ, दारावर हळदीकुंकवाची बोटं, पुढं नारळ. मला एवढा आनंद झाला, म्हटलं झालं दुरुस्त. पडद्यामागं कपडे काढले, चष्मा लावला आणि आत जाऊन उभी राहिले. उभी राहिले, उभीच राहिले. नळ्यांची ऊब काही लागेना. मग बाहेरून आवाज आला, कोण आहे आत? कारकून साहेब. म्हटलं मी हाय, पेशंट. तर म्हणतो, अहो मावशी, पूजा केलीय, चालू कुठं केलंय? आणि सगळे हसले. मी आत उघडी आणि बाहेर पेढे वाटतायत.

साडी गुंडाळून बाहेर आले, विचारलं, मग मी करू काय? म्हणाला, उन्हात बसा की, पुण्यात ऊन काय कमी आहे?

आणि मी बसले! गच्चीवर, वाळवण घातल्यासारखी, भर बारा वाजता, पाठ उघडी टाकून, सुनेला जिन्यात राखणीला बसवून. चार दिवसांत कातडी भाजली, फोड आले. डॉक्टरबाई रागावल्या, हे कुणी सांगितलं? मशीनचा प्रकाश निवडलेला असतो, मोजून दिलेला असतो, ऊन म्हणजे औषध नाही. कुणी सांगितलं ते सांगितलं मी. नळ्यांसाठी त्यांनी तीन पत्रं वर पाठवलीत, त्यांच्या हातात तेवढंच.

आता मांडीचे डाग परत आलेत. कमरेचा चट्टा जाड झालाय, बोटाला लागतो. गाठ धरली तर नुसत्या प्रकाशानं भागणार न्हाई, जहाल औषधं लागतील. शहाणे लोक म्हणतात खाजगीत जा. आठवड्यातून तीनदा खाजगीत जाणारी बाई दुसऱ्याच्या पोळ्या लाटंल का? मी एक दिवस गेले न्हाई तर दहाच्या आत चारी घरचे फोन येतात, शोभा, खाडा का? मशीनचा खाडा गणपती उठल्यापासून चालू हाय, त्याला विचारायला एकाचा तरी फोन गेलाय?

वाचणाऱ्यांनो, देव तुमची कातडी धड ठेवो. आणि दया आली असंल तर ती ठेवा तुमच्यापाशी, मला नको. उद्या सकाळी तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, कातडीच्या विभागात उभे राहा आणि विचारा, प्रकाशाचं मशीन चालू आहे का? बंद असेल तर कधीपासून, आणि कागद कुणाच्या टेबलावर अडलाय? तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी मागा, सहीनिशी. हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.