सावंत काकांची कुंडी

अरे, आमच्या चारकोपच्या सोसायटीतले सावंत काका एकदा नेमके मी चालवत असलेल्या विमानात बसले! गोव्याहून मुंबईला येत होतो. समोर हा एवढा वादळी ढग. डावीकडे समुद्रावर आकाश स्वच्छ होतं, पण तिथे नौदलाचा तोफांचा सराव चालू, म्हणून आम्हाला बंद. जमिनीवरच्या कंट्रोलरकडे तिथून जायला दोनदा वाट मागितली, दोनदा नाही म्हणाला. म्हटलं, ठीक आहे, ढगात घुसणार नाही आणि तिकडेही जाणार नाही. विमान सरळ मागे फिरवलं.

काकांना पुतणीच्या साखरपुड्याला पोचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोसायटीच्या गेटवरच धरलं.

"मी खिडकीतून स्वतः बघितलं ना गं! डावीकडे चिटपाखरू नव्हतं. तिथून काढायचं ना विमान!"

"काका, तुमची गाडी बाहेर गेली की पार्किंगमध्ये कुंडी कोण ठेवतं?"

"मीच. जागा माझी आहे."

"रिकामी असली तरी?"

"रिकामी असली तरी! कोणी गाडी घुसवली तर टायरची हवा सोडतो मी."

"तुम्ही नुसती हवा सोडता, काका. तिकडे तोफगोळे सोडत होते. आणि घुसवायच्या गाडीत तुम्ही बसला होतात."