दगडीकडं बघू नको

सव्वानऊला, सकाळी — तिथूनच सुरू झालं बघा सगळं, तुमची जीप भरेस्तोवर सांगते. मुरबाडच्या दवाखान्यात नर्सनं ही पोर माझ्या कुशीत दिली, समोर भिंतीवर घड्याळ होतं, अन् मी हिच्याकडं बघून हसले. तर सासूबाईंनी माझ्याच तोंडावर ओढणी ओढली. बघू नको, म्हणाल्या. — का म्हणजे? हिच्या आधीचा प्रज्वल गेला ना माझा, रांगायला लागलेला, तापानं. मी सारखी त्याच्या तोंडाकडं बघत बसायची, बोलत बसायची, म्हणून आईचीच नजर लागली असं सगळा गाव म्हणाला. सासूबाईंना तरी काय बोलू, त्यांचाबी नातूच गेला. मग हिचं नाव कागदावर भूमिका, घरात दगडी — दगड समजून तरी नजर पुढं जावी म्हणून. दूध पाजायचं ते भिंतीकडं बघून. हिनं हुंकार दिला तरी मी गप. हसू यायचं हो, पण ओठ दाबून बसायची.

आता वर्षाची झाली, बोलायचं नाव नाय — आई नाय, बाबा नाय. ओट्यावरून पडली, ओठ फुटला, तरी रडली नाय. आई कुठंय म्हणून बघितलंसुद्धा नाय. अन् शेजारची तानी म्हणते, किती गुणाची गो तुझी पोर! मागच्या महिन्यात कल्याणला नेली. कान चांगले आहेत, म्हणाल्या डॉक्टरबाई. मग विचारलं, हिच्याशी हसता-बोलता ना? आई हसते ते बघून पोर हसतं, हुंकाराला उत्तर मिळालं की बोलायला शिकतं. मी म्हटलं, बोलते की. — तेव्हापासून बोलते हो, गाते, टाळ्या वाजवते, ही आपली पंख्याकडं बघते. आज परत दाखवून आणली. शिकेल म्हणतात, वेळ लागेल. पण काल — भात भरवत होते, तर बघितलं हिनं. सरळ माझ्याकडं. ओठ जरासा हलला, हसणारच होती. अन् माझा हात... आपोआप ओढणी आली तोंडावर. प्रज्वल अस्साच बघायचा ना. ओढणी काढली तोवर हिनं मान फिरवलेली. — डॉक्टरबाईंना हे नाय सांगितलं. तुमाला कसं सांगितलं, कोण जाणे.

भरली तुमची जीप, धसईचीच ना? जा. वहिनीचे दिवस भरत आलेत म्हणालात, तिला सांगा — तीट लाव, मीठ-मोहरी ओवाळ, काय करायचं ते कर, पण पोरानं बघितलं की तूबी बघ. सांगाल ना तिला?